दोन वर्षं उशिरा आलेला पश्चात्ताप

मार्व्हल कॉमिक्समधल्या सिल्व्हर सर्फरला मी वाल्या कोळ्याच्या रांगेत बसवतो. वाल्याने निदान घरी जाऊन विचारलं, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? याला ती सोयही मिळाली नाही.

त्याचा मालक गॅलॅक्टस ग्रह खातो. दुष्टपणाने नव्हे, भूक लागते म्हणून. खाण्याजोगा ग्रह शोधायचं काम फळीवर उभं राहून अंतराळात हिंडणाऱ्या या चंदेरी दूताचं. १९६६ साली महानायकांच्या चौकडीवरच्या ‘फँटास्टिक फोर’ या कॉमिकच्या अठ्ठेचाळिसाव्या अंकात तो पृथ्वीवर आला. मुळात गोष्टीत तो ठरलेलाच नव्हता. चित्रकार जॅक कर्बीने चित्रं काढता काढता परस्पर घुसडला, आणि पानं हाती आल्यावर लेखक स्टॅन ली चक्रावला. एवढ्या बलाढ्य स्वारीपुढे कुणीतरी दूत हवाच, हे कर्बीचं म्हणणं.

चौकडीतल्या बेन ग्रिमचा ठोसा खाऊन हा दूत पडतो तो थेट ॲलिशिया मास्टर्सच्या घरात, छताच्या काचेतून. ॲलिशिया शिल्पकार, डोळ्यांनी अंध, आणि बेनची मैत्रीण. छप्पर फोडून आलेल्या पाहुण्याला ती आधी खायला देते! तो जेवत नाही. पानातल्या अन्नाची सरळ ऊर्जा करून टाकतो. मग ती त्याच्याशी भांडते, माणसं कशी असतात ते सांगते, आणि तो मालकावर उलटतो. सबंध चौकडीला जे जमलं नाही, ते या बाईने बोलून केलं.

पण इथे त्याला अपराधी वाटतंय असं फारसं दिसत नाही. त्याला माणसं नवीन आहेत, एवढंच. अपराधीपणा आला १९६८ मध्ये, त्याच्या स्वतःच्या मासिकात. तेव्हा कळलं की हा झेन-ला ग्रहावरचा नॉरिन रॅड. आपला ग्रह आणि प्रेयसी शाल्ला-बाल वाचावी म्हणून त्याने ही चाकरी पत्करली. जॉन बुसेमाची चित्रं देखणी, पण स्वगतं इतकी लांब की कधीकधी वाटतं, बाबा रे, फळी उचल आणि जरा फिरून ये. तेही त्याला शक्य नाही म्हणा. जाताना गॅलॅक्टसने त्याला पृथ्वीवर कोंडून ठेवलंय.

मला त्या दुःखातली एक गाठ मात्र सुटत नाही. झेन-लावर सगळं आयतं होतं, लोक सुखाने सुस्तावले होते, आणि नॉरिन तिथे कंटाळला होता. त्याला ताऱ्यांत भटकायचंच होतं. म्हणजे त्यागातच त्याची हौसही भागली. ही गोष्ट शाल्ला-बालला कोणत्या तोंडाने सांगणार?

चौकडीला मात्र असला घोर नाही. जॉनीने गॅलॅक्टसच्या यानातून ‘अल्टिमेट नलिफायर’ हे सर्वनाशी अस्त्र आणलं, रीडने ते नुसतं रोखून धरलं, गॅलॅक्टस गेला. सगळं पन्नासाव्या अंकाच्या निम्म्यातच आटोपलं. उरलेल्या पानांत जॉनी कॉलेजात दाखल होतो. आणि बेन? ॲलिशियाचं मन त्या चंदेरी पाहुण्यावर बसलं, असा स्वतःच समज करून घेऊन तो रुसून निघून जातो.