क्लिप प्लसची जोडणी: एक केबल गप्प, दुसरी कुरकुरणारी

"चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही." माझ्या सान्सा क्लिप प्लसची, म्हणजे सॅनडिस्कच्या खिशात मावणाऱ्या गाण्यांच्या प्लेअरची, तक्रार एवढीच होती. मॉडेल २००९ सालचं, ८ जीबीचं, बटणांची अक्षरं पुसलेली, पण बॅटरी अजून धरून आहे. दोन वर्षं कपाटात पडून होता. त्यात नवीन गाणी भरायची म्हणून काढला आणि चार संध्याकाळी त्यात गेल्या. नोंद ठेवतोय, कारण त्या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळे आजार निघाले.

शनिवार

आधी नेहमीचे उपाय. पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरलं, प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला. प्लेअरचं तोंड लाकडी टूथपिकने कोरलं. खिशातला कापूस निघाला, बाकी काही नाही.

मिनी यूएसबीची जुनी केबल सापडत नव्हती, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो.

"भाऊ, मिनी यूएसबी आहे का? डेटावाली पाहिजे."

"चार्जिंग होतं ना साहेब? मग झालं की!"

झालं नाही. घरी येऊन लिनक्सवर कर्नलचा लॉग, म्हणजे काय जोडलं-काढलं याची सिस्टिम ठेवते ती नोंदवही, उघडा ठेवला आणि केबल खुपसली. लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही. प्लेअर मजेत चार्ज होतोय आणि कॉम्प्युटरला कुणी आल्याचा पत्ताच नाही.

रविवार

ट्रंकेत जुनी केबल मिळाली. ती लावल्यावर मात्र लॉग बोलायला लागला: नवीन फुल-स्पीड डिव्हाइस आलं, त्याचा डिस्क्रिप्टर (मी कोण, हे सांगणारी त्याची ओळखचिठ्ठी) वाचता येत नाही, एरर -७१. हेच तीन-चार वेळा, आणि शेवटी डिव्हाइस ओळखता येत नाही म्हणून त्याने नाद सोडला.

इथे मी जरा थांबलो. वरवर पाहता दोन्ही केबलींचा निकाल एकच, 'दिसत नाही'. पण गप्प बसणं वेगळं आणि कुरकुरणं वेगळं. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी डी प्लस आणि पांढरी डी मायनस. प्लेअर जोडला की तो दीड किलोओमच्या रेझिस्टरने डी प्लस वर ओढतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही दारावरची टकटक. बोलणं त्यानंतरचं, आणि त्याला दोन्ही तारा लागतात. म्हणजे लॉग गप्प असेल तर टकटकच पोचत नाही. -७१ येत असेल तर टकटक पोचली, पण पुढचं बोलणं अर्धवट राहतंय. तेव्हा हिरवी शाबूत असणार, संशय पांढरीवर.

मल्टीमीटर बीपवर टाकला, म्हणजे तार अखंड असली की तो वाजतो. मिनी प्लगच्या पिना इतक्या बारीक, की प्रोबला शिवणाची सुई गुंडाळावी लागली. गल्लीतल्या केबलमध्ये लाल आणि काळी वाजल्या, डेटाच्या दोन पिनांवर शुकशुकाट. कापून पाहिली तर आत ताराच दोन. जुन्या केबलमध्ये लाल, काळी, हिरवी तिन्ही वाजल्या. पांढरी मात्र केबल सरळ धरली की वाजायची आणि मोठ्या प्लगच्या मानेशी वाकवली की गप्प. अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद मला गाणी ऐकण्यापेक्षा जास्त झाला, हे कबूल करतो.

मानेपासून दोन इंच केबल छाटून नवा प्लग सोल्डर केला. सोल्डरिंग ओबडधोबड झालंय, फोटो काढणार नाही.

मंगळवार

लॉगमध्ये 'हाय-स्पीड' शब्द दिसला, पाठोपाठ सॅनडिस्कचा ०७८१ हा क्रमांकही, म्हणजे बोलणं पूर्ण झालं. पण फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्ह नाही! हा माझाच उद्योग. प्लेअर कॉम्प्युटरशी दोन पद्धतींनी बोलू शकतो, एमटीपी आणि एमएससी. जुन्या विंडोज लॅपटॉपसाठी कधीतरी यूएसबी मोड एमटीपीवर ठेवला होता. एमटीपीमध्ये प्लेअर स्वतःची डिस्क हातात देत नाही. कॉम्प्युटरने फाइल मागायची आणि त्याने द्यायची, असा दुकानाच्या काउंटरसारखा कारभार. एमएससीमध्ये तो गोदामाची किल्लीच देऊन टाकतो. मला किल्लीच बरी वाटते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन मोड एमएससी केला आणि ड्राइव्ह आला. इजेक्ट न करता केबल ओढायची नाही एवढं मात्र पाळावं लागतं, नाहीतर फॅट टेबलाचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या यादीचा, खिचडा होतो.

गुरुवार

आता ड्राइव्ह दोन दिसायला हवेत, एक आतला आणि एक मायक्रोएसडीचा. दिसले, पण ६४ जीबीचं कार्ड प्लेअरच्या स्वतःच्या मेनूत येईना. हे मला आधीच सुचायला हवं होतं. एक्सफॅट आणि फॅट३२ या कार्डावर फाइली मांडायच्या दोन पद्धती. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात आणि याच्या मूळ फर्मवेअरला (प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरला) फॅट३२ पलीकडचं काही समजत नाही. कॉम्प्युटरला दोन्ही समजतात, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसतं. कार्डावरच्या गाण्यांची नक्कल काढली आणि ३२ केबीचे क्लस्टर (साठवणीचे कप्पे) ठेवून फॅट३२ केलं. लिनक्सवर मिनिटभराचं काम. विंडोजवाल्यांनी हे लक्षात घ्या की तिथली नेहमीची फॉरमॅटची खिडकी एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ चा पर्याय देत आलेली नाही. वेगळं साधन लागतं.

गाणी परत भरली, केबल काढली आणि प्लेअर मीडिया रिफ्रेश, म्हणजे गाण्यांची यादी नव्याने तयार, करत बसला. पट्टी इतकी हळू सरकत होती की मध्ये चहा झाला, भांडी घासून झाली. एकदा वाटलं, एखाद्या फाइलच्या बिघडलेल्या टॅगवर (आतल्या नाव-गायकाच्या नोंदीवर) अडकून हा आता लटकणार. नाही लटकला. कार्डावरची गाणी मेनूत आली.

मूळ फर्मवेअरऐवजी रॉकबॉक्स हे मोफत फर्मवेअर टाकायचा विचार आहे, पण आधी पांढऱ्या तारेचं सोल्डरिंग पुन्हा करतो. काल ती केबल जोराने वाकवली तेव्हा लॉगमध्ये एकदा -७१ चमकून गेलं.