नाणेघाट सायकलने उतरायचा असेल तर आधी टायरची कड तपासा

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर जाऊन तिथून वैशाखऱ्याच्या बाजूला माउंटन बाइकने उतरण्याचा बेत आखणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. निघण्यापूर्वी आम्हाला दोन गोष्टी ठामपणे सांगण्यात आल्या होत्या आणि दोन्ही खोट्या निघाल्या. एक अशी की, जमिनीला पाय न टेकता अख्खा घाट उतरता येतो. दुसरी अशी की, सह्याद्रीतल्या वाटा मातीच्या असल्यामुळे हलके टायर पुरतात आणि जपायचे ते केवळ काट्यांपासून. काट्यांमुळे आम्ही एकदाही थांबलो नाही. आमचा मागचा टायर फाडला तो दगडाने, आणि तोही जमिनीला टेकणाऱ्या भागावर नव्हे, तर कडेला.

जुन्नर, आपटाळे, चावंड, घाटघर हा सगळा डांबरी रस्ता आहे. त्यावर कोणताही टायर चालतो, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. माथ्यावरची खिंड, सातवाहनकाळातले लेणे आणि त्यातला शिलालेख हा संरक्षित वारसा आहे. तिथे सायकल चालवू नये, खांद्यावर घ्यावी आणि पायऱ्या संपेपर्यंत खाली ठेवू नये. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. प्राचीन काळी दगड बसवून केलेल्या या वाटेचे दगड आता जागोजागी सुटले आहेत, आणि दोन दगडांमध्ये नेमकी टायर अडकेल एवढी फट राहिली आहे. बेसॉल्ट फुटला की त्याला धारदार कोपरे येतात. पुढचे चाक अशा फटीवरून निघून जाते. पण शरीराचा बहुतेक भार पेलणारे मागचे चाक तिच्यात घसरते, टायरची कड रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि फाटते. आमच्या टायरला बोटभर लांबीची चीर पडली. सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवण्यासाठी टायरमध्ये घातलेला द्रव, पिचकारीसारखे बाहेर आले आणि ट्यूबलेस टायरमध्ये खुपसायची रबरी वात त्या चिरेत क्षणभरही टिकली नाही, कारण ती वात नक्षीच्या भागातल्या गोल छिद्रासाठी असते. या टप्प्याला चालणाऱ्या माणसाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सायकलवाल्याने धरावा. निम्म्याहून अधिक वाट सायकल हातात धरूनच उतरावी लागते, आणि जो कोणी हे नाकारतो, तो एकतर इथे आलेला नाही किंवा त्याला उतारावरच्या शर्यतीचा सराव आहे.

ज्या दुकानातून हा टायर घेतला, तिथे आम्हाला सांगण्यात आले होते की त्याच्या कापडात इंचाला १२० धागे आहेत, म्हणजे ६० धाग्यांच्या टायरपेक्षा तो दुप्पट मजबूत आहे. हे धादांत चुकीचे आहे. एका इंचात अधिक धागे बसवायचे तर प्रत्येक धागा बारीक असावा लागतो. त्यामुळे कापड पातळ आणि लवचीक होते, टायर हलका होतो आणि चांगला पळतो. मजबुतीची हमी त्या आकड्यात नसते. ६० जाड धाग्यांचा टायर जड असतो, परंतु दगडापुढे अधिक टिकतो. मजबुती ठरते ती कडेला कापडाचे किती थर आहेत आणि त्यांच्यावर कापण्यापासून वाचवणारा आणखी एखादा पट्टा आहे का, यावर. मॅक्सिसच्या टायरांवर यासाठी एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन अशी नावे छापलेली असतात, तर श्वाल्बेच्या टायरांवर सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी अशी, आणि दोन्हींमध्ये क्रम हलक्याकडून भक्कमाकडे जातो. टायरचे मूळ नाव आणि नक्षी तीच असूनही आतली बांधणी वेगळी असू शकते, म्हणून दुकानात नुसते मॉडेलचे नाव सांगून टायर मागू नये. खोक्यावरचा हा शब्द स्वतः वाचावा.

माझा निर्वाळा असा आहे. मागे दुपदरी कडेचाच टायर हवा, मग त्याचे वजन २९ इंची चाकासाठी १२०० ग्रॅमच्या पुढे गेले तरी चालेल. पुढे मधल्या जाडीचा, साधारण एक किलोचा टायर पुरतो, पण त्याचे रबर मऊ असावे, कारण गुळगुळीत झालेल्या दगडावर पकड पुढच्याच चाकाला लागते. मऊ रबर मागे लावले तर ते डांबरी रस्त्यावरच झिजून जाते, म्हणून मागे कडक रबर घ्यावे. रुंदी २.४ इंच ठेवावी. २.१ इंची टायर घेऊन या घाटात येऊ नये. हे मी दमलेल्या पायांनी आणि वाटेवरचा राग पुरता न ओसरता लिहीत आहे, तरी शांत डोक्यानेही यात बदल करीन असे वाटत नाही. जाड टायरमुळे घाटघरपर्यंतच्या चढावर जीव थोडा अधिक खर्ची पडतो, पण फाटलेल्या टायरची सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून उतरण्याच्या तुलनेत तो काहीच नाही.

हवेच्या दाबाकडेही लक्ष हवे. ७५ किलोच्या माणसाने २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २३-२४ आणि मागे २६-२७ पीएसआय ठेवावेत. आत ट्यूब असेल तर ३० च्या खाली जाऊ नये, नाहीतर रिमच्या दोन्ही कडांनी ट्यूबला सापाने डसल्यासारखी दोन छिद्रे पडतात. एवढ्या कमी दाबावर रुंद टायर स्थिर राहायचा असेल, तर रिमही तेवढीच रुंद लागते. कित्येक स्वस्त सायकलींच्या रिमची आतली रुंदी १९ ते २१ मिलीमीटर असते, आणि तिच्यावर २.४ इंची टायर वळणावर आडवा लवतो. आतली रुंदी २५ मिलीमीटरपेक्षा कमी नको, ३० असेल तर उत्तम.

चाकांविषयी दुकानदारांचा कल हलक्या, कमी तारांच्या, देखण्या चाकांकडे असतो. आमच्या गटातल्या एकाला याच दुकानाने २८ सरळ तारांचे चाक मजबूत म्हणून विकले आणि आउट काढण्याचे, म्हणजे तारा आवळून चाक सरळ करण्याचे, पैसे वेगळे लावले, तरी घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ते चाक ब्रेकच्या बाजूला स्पष्ट लचकले होते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही फेऱ्यांत आपापल्या जागी बसतात आणि त्यांचा ताण उतरतो, म्हणून त्यानंतर एकदा आउट काढून घेणे हा चाकाच्या किमतीतलाच भाग असायला हवा. त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत. मोठ्या प्रवासापूर्वी मागच्या चाकाच्या एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडून पाहाव्यात. आवाज साधारण सारखा आला पाहिजे. जी तार बद्द वाजते, ती ढिली आहे. रिम ॲल्युमिनियमचीच घ्यावी, कारण तिला पोचा पडला तर पान्याने तो बराचसा सरळ करता येतो, तर कार्बनची रिम तडकली की तिथेच संपली. तारा ३२ असाव्यात, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, टोकाशी वाकवलेल्या जुन्या पद्धतीच्या असाव्यात आणि तारा रिमला आवळणारे निपल पितळी असावेत. ॲल्युमिनियमचे निपल पावसाळ्यात गंजून जागेवर धरतात आणि आउट काढताना तुटतात.

आता दुरुस्तीच्या सामानाविषयी. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळणारी साधी ट्यूब आपल्या उपयोगाची नाही. तिचा आकार कसाबसा चालवून घेता येईल, पण तिचा वॉल्व्ह जाड असतो आणि बारीक नळीच्या प्रेस्टा वॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या छिद्रातून तो जात नाही. म्हणून प्रत्येकाने आपली ट्यूब आणि पेट्रोल पंपावर हवा भरता यावी यासाठी प्रेस्टाचा पितळी अडॅप्टर सोबत ठेवावा. टायरची कड फाटली तर चांभाराचे दाभण आणि मेणदोरा यांच्याइतके खात्रीचे साधन नाही: चीर शिवून घ्यावी, आतून जुन्या टायरचा तुकडा लावावा आणि मग ट्यूब घालावी. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून अडकलेला प्रत्येक काटा उपटावा. सीलंटने धरून ठेवलेले करवंदाचे आणि बाभळीचे काटे तोपर्यंत जाणवत नाहीत, पण ट्यूबमध्ये हवा भरताच ते तिला भोसकतात. आमच्या टायरमधून असे मूठभर काटे निघाले. सीलंट प्रत्येक टायरमध्ये १०० मिलिलिटरच्या आसपास घालावे, आणि उन्हाळ्यानंतर ते हमखास सुकलेले असते, म्हणून दिवाळीनंतरच्या सहलीपूर्वी नवे भरावे.

पावसाळ्यात हा उतार करू नये. शेवाळलेल्या दगडावर कोणतेच रबर पकड घेत नाही आणि वाटेवर माणसांची गर्दी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पायथ्याशी कल्याणकडे जाणारा हमरस्ता लागतो. तिथून टोकावडे, मुरबाड करत कल्याण साठेक किलोमीटर आहे. चाक चालण्याजोगे नसेल तर टेम्पो मिळतो, पण फाटलेला टायर पाहिला की भाडे चढते. आमच्याकडे आधी मागितलेल्या रकमेच्या निम्म्यात अखेर सौदा ठरला. त्यामुळे भाडे ठरवून होईपर्यंत सायकल रस्त्यापासून थोडी आत, झाडाआड उभी ठेवावी आणि एकट्याने पुढे होऊन बोलणी करावीत.