शेअर नाही, डबा आहे

दुपारी अडीचच्या सुमाराला मी पंखा बंद केला. वैशाखात, अमळनेरात, आणि पूर्ण शुद्धीत. बाहेर ४४ अंश. कूलर त्याच्या आधीच बंद केला होता, कारण त्याच्या मोटारीची घरघर माइकमध्ये पंख्याहूनही दांडगी येत होती. मग जमिनीवर मांडी ठोकली, समोर पंधरा किलोचा रिकामा डबा उपडा ठेवला आणि कॉम्प्युटरवरचं लाल बटण दाबलं.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "लाइट गयी का रे?"

"नही माय, मीच बंद कया."

"कसाले?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? अहिराणीत सुचेना, आणि सुचलं असतं तरी त्या माउलीने उठून येऊन दोन्ही बटणं लावली असती. मी गप्प बसलो. ते गप्प बसणंही रेकॉर्ड झालं. चार सेकंदांची सपाट रेघ, मध्ये कोपऱ्यावरच्या कुत्र्याची एक बारीकशी टेकडी.

हे सगळं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू झालं. बहीण माहेरपणाला आली, तिच्यासोबत भाचा आला. पुण्यात असतो. आखाजीच्या दुपारी पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि हा माझ्या जुन्या कॉम्प्युटरपाशी बसून काहीतरी उतरवत होता. "मामा, तुम्ही एवढी वर्षं भजनात टाळ कुटताय, आता जरा हे करून बघा." दोन सॉफ्टवेअर टाकून दिली, दोन्ही फुकटातली. एक एलएमएमएस, त्यात ताल-सूर जुळवायचे. दुसरं ऑडॅसिटी, त्यात रेकॉर्ड करायचं, कारण पहिल्यात माइक लावून रेकॉर्डिंग होत नाही म्हणे. म्हणजे स्वयंपाक एका घरात आणि पाणी भरायचं दुसऱ्या घरी. त्याचा एक जुना यूएसबी माइकही ठेवून गेला. जाताना म्हणाला, "घाबरू नका, काही बिघडत नाही." कॉम्प्युटरच्या बाबतीत हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, ते सगळे दुसऱ्या दिवशी गावाला गेलेले असतात.

पहिल्या रात्री एलएमएमएस उघडलं. समोर ओळीने सोळा चौकटी. जीव हरखला. सोळा मात्रा! तीनताल मांडूनच ठेवलाय लोकांनी. पहिल्या चौकटीत सम, नवव्यात खाली, असं मोठ्या भक्तिभावाने टिचक्या मारत बसलो आणि चालू केलं. आवर्तन पावणेदोन सेकंदांत संपलं. सम कधी आली, खाली कुठे गेली, पत्ता नाही. मागाहून कळलं की चार चौकटी मिळून एक ठोका, सोळा मिळून चारच ठोके, आणि सॉफ्टवेअर उघडतं तेच मिनिटाला १४० ठोक्यांवर. वरातीतल्या बँडवाल्यांनाही त्या लयीला यायला बस स्टँड ओलांडावं लागतं. ८८ वर आणलं तेव्हा कुठे पायाने ठेका धरला.

मग वाद्यं शोधायला लागलो. ड्रमसेटातली किक आहे, स्नेअर आहे, हायहॅट आहे, टाळी आहे. ज्यांची नावं वाचून वाद्य की आजार कळू नये, असे सिंथचे, म्हणजे विजेवर घडवलेले, आवाजही ढिगाने आहेत. डफ नाही. सांबळ, पावरी या आमच्याकडच्या वाद्यांच्या वाटेला तर गेलोच नाही. साधा डफ नाही म्हटल्यावर पावरी कुठून असणार? तीन रात्री मी प्रत्येक ढोलाच्या आवाजाला खाली-वर करून पाहिलं. एखादा जवळ यायचा, पण त्याच्या अंगाला शेकल्याचा वास नसायचा.

डफ शेकावा लागतो. विशेषतः कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे भर श्रावण, हवा ओली, कातडं लोळागोळा. वह्या, म्हणजे डफावरची आमची लोकगीतं, म्हणणारी मंडळी रात्री आमच्या वाड्यात जमायची तेव्हा डफ नुसता 'ढप' म्हणायचा, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. मग अंगणाच्या कोपऱ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि डफ त्यावर फिरवायचा. नऊ-दहा वर्षांचा असताना हे काम माझ्याकडे आलं. डफवाले बाबा ओट्यावर बसूनच बोलायचे. मी डफ नेऊन दाखवायचा, ते मधल्या बोटाने एकदा टिचकी मारायचे, मान हलवायचे: नाही. परत जाळावर. परत टिचकी, परत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कातडं असं ताणलं जायचं की टिचकीला अंगणभर 'टण्ण' पसरायचं आणि आत कानबाईपुढच्या बायका एकदम वळून बघायच्या. गरम कातड्याचा, धुराचा आणि नैवेद्याच्या रोटाच्या तुपाचा तो एकत्र वास. त्या वेळी मला वाटायचं, ही सगळी पूजा माझ्या जाळावर चालली आहे.

एका वर्षी मी बाबांकडे नेण्याआधी एक खेप जास्त दिली. म्हटलं, यंदा पहिल्याच टिचकीला मान डोलली पाहिजे. जाळ अजून खालून घातला. 'फट्' असा आवाज झाला. मोठा नाही. सुपारी फुटावी एवढा.

बाबांनी डफ हातात घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता आत हाक मारली, "माय, एखादा डबा दे वं."

आजीने डालड्याचा रिकामा डबा दिला. त्या रात्री उजाडेपर्यंत सगळ्या वह्या त्या डब्यावर झाल्या. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर गेली आणि मग वडिलांनी माझ्या पाठीवर जो ताल धरला, त्याची मात्रा मी कुठल्याच सॉफ्टवेअरात बसवू शकणार नाही.

तर चौथ्या रात्री, स्नेअरचा कान पिळता पिळता, मला तो डबा आठवला.

आमच्या गावात डब्याचा विषय निघाला की पुढे काय येतं ते अमळनेरकराला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. इथे १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, वनस्पती तूप बनवणारी. तिचीच पुढे विप्रो झाली, ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला लागली, आणि गावात ज्यांनी सुरुवातीचे शेअर घेऊन ट्रंकेत टाकले होते त्यांची घरं कोट्यधीश झाली. गल्लोगल्ली एकेक किस्सा आहे. आमच्या घरातला किस्सा असा की आजोबांनाही कोणीतरी शेअर घ्यायचा आग्रह केला होता. आजोबा म्हणाले, कागद काय करू, तूप दे. त्यांनी डबा घेतला. तूप खाऊन संपलं, डबा राहिला. पत्रेवाल्याकडून त्याला कडीचं झाकण बसवलं, मग कधी त्यात डाळ, कधी गहू. लेबल केव्हाच उडालं. कानबाईच्या रात्रीचा तो हाच डबा, असं आई छातीठोक सांगते. अर्थात आई घरातल्या कुठल्याही डब्याबद्दल असं सांगते. पण मला ते चालतं. एवढी वर्षं शेजाऱ्यांच्या शेअरकडे बघून काढल्यावर, तुपाचा डबा आणि कॉम्प्युटर यांचं काहीतरी नातं एकदा आपल्याही घरात जुळावं की नाही!

डबा माळ्यावरून काढला तेव्हा आई म्हणालीच, "तो डबा कसाले काढा? उद्या गहू येतीन ना."

म्हणजे हातात एकच दुपार.

पहिली खेप पंखा चालू ठेवून घेतली. ऑडॅसिटीत एक सोय आहे. नुसता पंख्याचा आवाज दोन-चार सेकंद निवडून दाखवायचा, हा नको म्हणून सांगायचं, की तेवढा ओळखून ते सगळीकडून काढतं. काढलाही. पंखा गेला, पण डबा विहिरीत पडल्यासारखा यायला लागला. ठोक्यामागची जी थरथर असते, पत्रा थोडा वेळ स्वतःशी बोलतो ती, पंख्याबरोबरच पुसली गेली होती. म्हणून मग दुसऱ्या खेपेला पंखाच बंद.

दुसरी, तिसरी, चौथी. कानात हेडफोन, त्यात ८८ ची टिकटिक, आणि मी टिकटिकीवर बरोब्बर मारतोय. एवढी वर्षं टाळ कुटलेत, तेवढं येतं. पडद्यावर बघतो तर प्रत्येक ठोका रेषेच्या जरासा पुढे जाऊन पडलेला. सगळे सारखेच उशिरा. मला राग आला. माणसाला बेताल म्हणा, चालेल, पण एवढ्या शिस्तीत बेताल?

भाच्याला फोन लावला. "मामा, ती लेटन्सी," तो म्हणाला. "कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. एकेक पुढे पाठवत नाही, थोडे साठवतो आणि गठ्ठ्याने पाठवतो. ५१२ चा गठ्ठा धरला तर बारा मिलिसेकंद तिथेच गेले. तुमचं मशीन जुनं, त्याला मोठा गठ्ठा लागतो, नाहीतर आवाज तुटतो. उशीर सगळीकडे सारखाच आहे ना? मग सगळंच एकदम मागे सरकवा."

४४,१०० कशाला, असं विचारलं. तर म्हणे माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त, सीडीपासून चालत आलेला आकडा. मी म्हटलं, इथे बाहेर ४४ आहे, आत ४४,१००, बंद कर फोन.

पण 'उशीर सारखाच आहे ना' हे डोक्यात राहिलं. मिलचा भोंगा आठवला. आमचं शेत गावापासून दोन मैल. भोंगा तिथे पोचायला नऊ-दहा सेकंद लागत असणार. आजोबा शेतात त्याच्यावर घड्याळ लावायचे. म्हणजे आजोबांचं घड्याळ जन्मभर नऊ सेकंद मागे. त्यापायी सुरतेची गाडी कधी चुकली नाही. उलट ते तासभर आधीच स्टेशनावर जाऊन बसायचे.

सगळे ठोके उचलून मागे सरकवले. बसले!

नवव्या खेपेपर्यंत घाम कोपरावरून डब्यावर टपकायला लागला होता. ओल्या पत्र्याचा आवाज वेगळा, म्हणून दर खेपेआधी गमछाने पुसायचा. हाताच्या टाचेने मधोमध मारलं की खालचा 'धं', बोटांनी कडेला मारलं की 'टण्ण'. जोर जास्त झाला की पातळीची पट्टी लाल होते आणि आवाज फाटतो, मग ती खेप वाया. आठ आवर्तनं न चुकता काढायची, इतकंच ठरवलं होतं. नववी खेप छान चालली होती. चार आवर्तनं झाली, पाचवं लागलं, आणि नेमकं समेवर पलीकडून आलं, "बस्स! बस्स कर आते. डोकं दुखी ऱ्हायनं."

पहिलं 'बस्स' बरोब्बर समेवर. टिकटिक तिच्या कानात नव्हती, गठ्ठ्याचा उशीरही तिला लागू नव्हता. ऐंशी वर्षांची बाई, झोपेतून उठून, भिंतीपलीकडून.

मी उरलेली आवर्तनं पुरी केली, मग पंखा लावला. डबा पुसून स्वयंपाकघरात ठेवला.

रात्री नववी खेप एलएमएमएसमध्ये आणून फिरती ठेवली. आठ आवर्तनं संपली की पुन्हा पहिल्यापासून. दर पाचव्याला 'बस्स'. तेवढा तुकडा निवडून डिलीट दाबायचं, एवढंच काम आहे, ऑडॅसिटीतलं सगळ्यात सोपं. निवडून ठेवलाय. निळा झालाय. दुसऱ्या कोणत्या तरी खेपेतून ते पाचवं आवर्तन कापून इथे डकवताही येईल. उद्या बघू असं म्हणत फाइलला नाव दिलं, 'नवीन १'. शेजारी 'नवीन १ पक्की' आहे. तिच्यातही 'बस्स' आहेच.

दुसऱ्या दिवशी गहू आले. आईने उन्हात पसरले, संध्याकाळी चाळले, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचे थर देत डब्यात भरले. आधी कोठी भरली, मग उरलेले डब्यात, गळ्यापर्यंत. कडी लावल्यावर मी जाता-जाता सहज एक थाप मारली. 'थप्प.' आई म्हणाली, "आते काय?" काही नाही म्हटलं.

रविवारी भाच्याचा फोन. "मामा, कुठवर आलं गाणं?"

"गहू भरले," मी म्हटलं.