तार : ‘ऊबदार’

परवा दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, भाचीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. ‘दिवाळी फराळाच्या ऑर्डरी सुरू!’ आणि खाली लिंक. बिट डॉट एलवाय, एक तिरपी रेघ, आणि पुढे तान्ह्या मुलाने फोन चघळल्यावर उमटावीत तशी सात लहान-मोठी अक्षरं.

मी ती उघडली नाही. भाची सख्खी, चकल्या तिच्या हातच्या, तरी नाही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’वाले मेसेजही असल्याच लिंका घेऊन येतात. त्यामुळे मला एक खोड लागलीय. बिटली म्हणजे लांबलचक पत्ते आखूड करून देणारी सेवा, तिच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडायचं. मग ती थेट आत नेत नाही, कुठे नेणार ते आधी दाखवते. दाराच्या भिंगातून बघून मग कडी काढायची, तसं. भिंगात भाचीची वेबसाइट दिसली, तेव्हा दोन किलो चकली नोंदवली आणि तिला फोन लावला.

“अरे मामा, मोठी लिंक बघितलीस का तू?” ती म्हणाली आणि पाठवलीच. पानाच्या पत्त्यात तिने हौसेने देवनागरीत ‘फराळ’ लिहिलं होतं. पत्त्यात मराठी शब्द घातला आणि तो कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात, काना-वेलांटीसकट. टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार... फ, र, काना, ळ. झाली छत्तीस. ‘खमंग चकली’ला तर दोन ओळी. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला खरा, पण पत्त्याच्या पट्टीला कुणी कळवलेलं दिसत नाही.

म्हणजे आखूड करणं आलंच. टायनीयूआरएल ही बिटलीसारखीच सेवा २००२ मध्ये काढली ती केविन गिल्बर्टसन नावाच्या अमेरिकन माणसाने. एकचाकी सायकलवाल्यांच्या चर्चेत लांबलचक पत्ते तुटायचे म्हणून. पुढे ट्विटरने १४० अक्षरांची वेसण घातली आणि आखूडपणाचा धंदा झाला.

पण माझ्या लेखी पहिली आखूड लिंक सोलापूरच्या मामाची. मामाचं चादरींचं दुकान होतं. सुट्टीत गेलो की गल्ल्याशेजारी बसून मी त्याच्या लेटरहेडच्या मागे चित्रं काढायचो. पुढे डाव्या कोपऱ्यात छापलेलं असायचं, ‘तार : ऊबदार’. मला वाटायचं, ही चादरीची जाहिरात. मामाने सांगितलं, “तारेत शब्दागणिक पैसे पडतात. पत्त्याचेसुद्धा. मग दुकान, पेठ, गल्ली कोण लिहिणार? तार ऑफिसात वर्षाचे पैसे भरून हा एक शब्द आपल्या नावावर केलाय. ‘ऊबदार, सोलापूर’ एवढं लिहिलं की तार आपल्या दारात.” मी विचारलं, तारवाल्याला कसं कळतं? “त्याच्या वहीत आहे.” मामाला त्या शब्दाचा फार अभिमान. दिवाळीत गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटायचा, त्यावरही बाराही पानांवर तोच.

आजही तेच चालतं. वही आहे, डावीकडे छोटं नाव, उजवीकडे मोठा पत्ता. फरक इतकाच, की मामाने शब्द बारशासारखा निवडला होता आणि भाचीने मशीनने दिलेला आंधळेपणाने घेतला. तिला म्हटलं, अगं, त्या सात अक्षरांच्या जागी आपलं नाव घालता येतं, चकली दिसू दे की लोकांना. आणि पत्रकावर छापणार असशील तर सगळं लहान लिपीत. तिथे मोठा ए आणि छोटा ए वेगळे धरतात. एक चुकला की गिऱ्हाईक भलतीकडे. शून्य आणि ओ तर नकोच.

तिने माझ्यावर कडी केली. एकाच पानाला तीन नावं दिली. एक सोसायटीच्या ग्रुपला, एक जिन्यातल्या फलकावरच्या कागदाला, एक नातेवाइकांना. कुठून किती जण आले, ते वेगवेगळं मोजता येतं. आठवड्याने आकडे आले. सोसायटी ४१. जिन्यातला कागद १९, म्हणजे लोक अजून जिन्यात थांबून वाचतात आणि टाइपही करतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठे, फुलं, ‘शाब्बास गं’ मिळून सत्तावीस. लिंक उघडणारे तीन. त्यातला एक मी, एक तिची आई. तिसरं कोण, ते आकडे सांगत नाहीत. ताई म्हणते, शरद काका असणार. मला नाही वाटत.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मामाचं दुकान त्याच्या कितीतरी आधी. दोन वर्षं भाडं थकलं, मग त्या जागेत मोबाईलवाला आला. कोऱ्या लेटरहेडांचा एक गठ्ठा माझ्याकडे आहे, वाण्याची यादी लिहायला काढतो.

काल रात्री सहज वाटलं, ‘ऊबदार’ कुणी घेतलं नसेल तर घेऊन ठेवावं. साइट उघडली. तिथे नाव नंतर विचारतात, आधी मोठा पत्ता टाका म्हणतात.

थोडा वेळ चौकटीतली उभी रेघ लुकलुकत राहिली. मग मी फोन बाजूला ठेवला आणि चकलीचा डबा उघडला. मीठ किंचित जास्त झालंय, पण तिला सांगितलं नाही.