लॅपटॉपचं पोट फाडलं आज

सहा वर्षांचा लॅपटॉप. गेले दोन महिने नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा असा घोंघावायचा की आई आतून विचारायची, "मिक्सर लावलास का रे?" तापमान पाहिलं तर ९६ अंश! आज रविवार, म्हटलं होऊन जाऊ दे.

मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीची वायर सोडवली. पंख्याच्या तोंडाशी धुळीची चक्क गादी जमलेली. (बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.) प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन हलक्या हाताने पुसत बसलो. प्रोसेसर असा चकचकीत निघाला की त्यात माझा घामेजलेला चेहरा दिसला.

नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधल्या बारीक फटींतली हवा हटवायची, एवढंच तिचं काम. थर जाड झाला की तीच उष्णतेच्या आड येते. मी अर्थात पहिल्यांदा पोळीला तूप लावल्यासारखी थापली. पुसून परत लावली. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याजवळच्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करत पिळले.

बटण दाबलं. काळोख. पोटात गोळा! बॅटरीची वायर जोडायलाच विसरलो होतो.

आता त्याच लॅपटॉपवरून लिहितोय. ७१ अंश. घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय.

एक स्क्रू मात्र उरलाय. कुठला, देव जाणे.