दिवाबत्तीचे पैसे

"वहिनी, भाडं घेत न्हाई म्हणताय, मग हे चालतंय कशावर?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा एका हातात वॉकर धरून दारात उभा असतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत पूर्वी पिठाची गिरणी होती, त्या खोलीत आम्ही रुग्णांना लागणारं सामान उसनं देतो. कॉट, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, एअर बेड, वॉकर, काठ्या, ऑक्सिजनचं मशिन. अनामत ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची आणि अनामत मोजून घेऊन जायची. पगारी माणूस एकही नाही. आम्ही नऊ जण आळीपाळीनं बसतो. मी विम्याच्या कचेरीत कॅशियर होते, त्यामुळं निवृत्त झाल्यावर इथली कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आपोआप माझ्या गळ्यात पडली.

समोरचा घाईत असला की मी "चालतंय बघा देवाच्या दयेनं" म्हणून मोकळी होते. ते खरं नाही. देवाच्या दयेवर महावितरण थांबत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बैजवार सांगते.

महिन्याला आम्हाला साधारण 12,500 रुपये लागतात. त्यात खोलीभाडं 5,000. लाइट 700. दुरुस्ती आणि सुटे भाग 3,500. कॉट पोचवायला-आणायला टेम्पो, त्याचे 2,000. फोन, पावतीपुस्तकं, फिनेल आणि परत आलेलं सामान पुसायचं औषध मिळून 800. ऑडिटची वर्षाची फी बारा महिन्यांवर पसरली की 500. ट्रस्ट नोंदलेला आहे, त्यामुळं दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो, आणि ते बरंच आहे.

यातलं दुरुस्तीचं खातं लोकांना सगळ्यात कमी कळतं. वॉकरच्या पायाला रबराची टोपी असते. ती झिजली की वॉकर न्हाणीघरातल्या फरशीवर सरकतो आणि आधाराला घेतलेली वस्तूच म्हातारीला पाडते. टोपी स्वस्त असते, पण ती दर खेपेला बघावी लागते, बदलावी लागते. चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं आपल्या रस्त्यांवर किती टिकणार ते तुम्हीच सांगा. एअर बेडचे पंप मरतात. कॉटच्या डोक्याकडची बाजू वर करायचा दांडा आटे जाऊन नुसता गरगर फिरत राहतो.

आता गंमत अशी की वस्तूंची आम्हाला कधी ददात पडली नाही. उलट त्या नको म्हणायची वेळ येते. घरातलं माणूस गेलं की पंधरा दिवसांत फोन येतो, कॉट घेऊन जाता का? त्यांना खोली मोकळी करायची असते, त्यात चूक काही नाही. शिवाय वस्तूवर नाव घालता येतं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पट्टी मारलेल्या अकरा कॉट आत्ता भिंतीला लावून उभ्या आहेत, आणि त्या उभ्या करायला लागणाऱ्या जागेचं भाडं कुणाच्याच स्मरणार्थ येत नाही.

ऑक्सिजनच्या मशिनचं तर सांगूच नका. 2021 ची कोरोनाची लाट ओसरता ओसरता एका कारखान्यानं आम्हाला आठ मशिनं दिली. फोटो झाला, नारळ फुटला. ही मशिनं हवेतला नायट्रोजन गाळून ऑक्सिजन पुढं पाठवतात. ते गाळायचं काम आतल्या झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांचं असतं, आणि त्या खड्यांना दमट हवा सोसत नाही. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. मशिन नुसतं झाकून ठेवलं तरी बिघडतं, म्हणून अधूनमधून चालवून घ्यावं लागतं. मिनिटाला पाच लिटर देणारं मशिन तीन तासांत साधारण एक युनिट खातं. आठ मशिनं, कुणी रुग्ण नाही, आणि आम्ही गिरणीच्या खोलीला ऑक्सिजन देत बसलोय! पुढच्या वर्षी त्याच कारखान्याला फिल्टर आणि दुरुस्तीसाठी विचारलं, तर उत्तर आलं की मशिन अजून दोन देऊ, मेंटेनन्सचं हेड, म्हणजे त्या खर्चाचं खातं, आमच्याकडं नाही.

(मशिन नेणाऱ्यांना मी एक गोष्ट आधीच सांगते. रात्रंदिवस चाललं तर ते दिवसाला आठेक युनिट घेतं. म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट तुमच्या मीटरवर. फुकट मशिन फुकट नसतं. हे ऐकून एक-दोघं परत गेली आहेत. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण न सांगणं जास्त वाईट.)

जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. देवळाला जमीन इनाम द्यायचे ती दिवाबत्तीसाठी, पूजाअर्चेसाठी. देऊळ बांधणाऱ्याचं नाव शिळेवर जायचं, पण रोजच्या तेलाची सोय जमिनीच्या उत्पन्नातून व्हायची. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं एकामागून एक वसतिगृहं काढायला पाठबळ दिलं, तेव्हाही नुसती जागा देऊन ते थांबले नाहीत, वर्षाला पैसे येत राहतील अशी व्यवस्था लावून दिली. दसरा चौकातून जाताना मला त्या बोर्डिंगांच्या इमारतींपेक्षा त्यांच्या कीर्दीच जास्त बघाव्याशा वाटतात. आमच्यासारख्यांना इनाम कोण देणार? आम्हाला तेल रोजचं रोज गोळा करावं लागतं.

पहिली चार वर्षं मात्र असा प्रश्नच नव्हता. हे काम सुरू केलं ते अण्णांनी. उद्यमनगरात टर्नर होते. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा कॉट घेतली, ती गेल्यावर शेजारच्या गल्लीत दिली, आणि तिथून वाढत गेलं. भाडं अण्णा भरायचे, लाइट अण्णा भरायचे, चाकं स्वतः लेथवर बसून नीट करायचे. आम्ही बाकीचे म्हणायचो, केवढं मोठं मन. मग त्यांची बायपास झाली. दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि आमच्यातल्या कुणालाही भाडं किती आहे हेसुद्धा सांगता येईना. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, ती मी अण्णांच्या तोंडावर बोलले आहे म्हणून इथं लिहिते. पैसे एकाच्या खिशातून जात होते तोवर त्या माणसाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी ओळखीतल्या एकाला अनामत न घेता मशिन दिलं, ते परत आलंच नाही, आणि आम्ही गप्प बसलो. पैसे त्यांचे, मग बोलायचं कुणी?

त्यानंतर आम्ही रोज 10 रुपये भाडं लावून बघितलं. पाच महिनेच. "तुम्ही दहा रुपये का घेत नाही" असं सुचवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते. दहा रुपये फार नाहीत, पण चार महिन्यांचे बाराशे होतात, आणि ते मागायची वेळ येते ती माणूस गेल्यावर. आमच्यातलं कुणी ते मागायला धजावलं नाही. दुसऱ्या बाजूला, ज्यांना झेपत होतं त्यांचा सूर बदलला. "भाडं भरतोय न्हवं, मग गादी नवी द्या की!" उसनं नेलेली वस्तू माणूस पुसून आणतो. भाड्यानं नेलेली कशी येते हे कमोडची खुर्ची धुणाऱ्याला विचारा. आणि एका बाईनं भाडं वाचवायला वॉकर महिनाभर आधीच परत केला. त्या पुन्हा पडल्या. त्या दिवशी भाडं बंद.

अनामतीचं वेगळंच. आत्ता आमच्याकडं लोकांची 1,80,000 च्या आसपास अनामत आहे आणि ती वेगळ्या खात्यात आहे. एके काळी नव्हती. तेव्हा एका अडचणीच्या महिन्यात आम्ही तिच्यातून 40,000 उचलले, येतील तसे भरू म्हणून. नेमक्या त्याच थंडीत एका आठवड्यात सात कॉट परत आल्या. कॉट परत येते म्हणजे काय झालेलं असतं ते सांगायला नको. दारात सुतकातली माणसं उभी आणि पेटीत पैसे नाहीत. मी घरी जाऊन स्वतःच्या कपाटातले आणले. कॅशियर म्हणून इतकी वर्षं काढली, पण कुणाच्या पैशाला हात लावल्याची लाज मला पहिल्यांदा तिथं वाटली.

सामान परत करताना बरेच जण म्हणतात, अनामत राहू दे, तुम्हालाच घ्या. आम्ही त्या दिवशी घेत नाही. पैसे हातात देतो आणि सांगतो, तेरावा होऊ दे, मग वाटलं तर या. एकदा घेतले होते. महिन्याभरानं धाकटा भाऊ आला. पैसे त्यानं भरले होते, थोरल्यानं परस्पर सोडून दिले होते, आणि आम्ही दोघांच्या भांडणात साक्षीदार झालो. आता पुन्हा येणारे कमी, पण जे येतात ते नंतर दर महिन्याला येतात.

असे दर महिन्याला 100 रुपये देणारे आत्ता 52 जण आहेत. रिक्षावाले, एक चप्पलवाले, दोन डॉक्टर, बाकी बहुतेक ज्यांच्या घरी कधी ना कधी आमची कॉट होती ते. पूर्वी क्यूआर कोड अण्णांच्या नावाचा होता, आता ट्रस्टच्या खात्याचा आहे. देणगीवर आयकरात सूट मिळायची पावती (80जीची) मिळेल का, असं विचारणारे अलीकडं कमी झालेत, कारण नव्या करप्रणालीत ती वजावटच मिळत नाही. शंभर रुपयेवाल्यानं ती कधीच मागितली नव्हती. दाराजवळच्या डब्यात महिन्याला दीडेक हजार पडतात. थोडं कमी पडतं ते मे महिन्यात रद्दी गोळा करून भरतो.

महापालिकेची निवडणूक लागणार, लागणार अशी हवा असताना एक इच्छुक आले. वर्षाचा सगळा खर्च एकरकमी देतो म्हणाले. अट एकच, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर त्यांचा फोटो. बैठकीत मी घ्या म्हणून हात वर केला. माझ्यासमोर कीर्द होती आणि कीर्दीला फोटो दिसत नाही. अण्णा म्हणाले, "पलीकडच्या गल्लीतला माणूस ही खुर्ची दारातनं नेईल व्हय? मरंल पर न्हेणार न्हाई." पाच विरुद्ध चार, पैसे परत गेले. अण्णांचं पेठेपुरतं खरं होतं हे मला मान्य आहे, पण त्या वर्षी पावसाळ्यात तीन मशिनं दुरुस्तीविना पडून राहिली हेही खरं आहे.

भाड्याचे 5,000 राहिले. ते आम्ही महिन्यांवर लावले. भिंतीवर फळा आहे, चैत्र ते फाल्गुन. एकेकानं एक महिना घ्यायचा, फळ्यावर त्याला हवं ते नाव. 'श्रावण, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' वस्तूवर नाव घालायची हौस भाड्याला लावली, एवढंच. कल्पना एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांना नवऱ्याच्या तिथीचा महिना पाहिजे होता, जानेवारी-फेब्रुवारी नको होते. घरमालक भाडं इंग्रजी महिन्यानं घेतो, त्यामुळं माझ्या कीर्दीत सुरुवातीला घोळ झाला. पंचांगाचं वर्ष 354 दिवसांचं, दरवर्षी अकरा दिवस कमी. मग 2023 ला अधिक श्रावण आला आणि तूट भरून निघाली. पंचांग करणारे मुळात कारकूनच असणार. तो अधिक महिना एका सासऱ्यांनी घेतला. जावई म्हणाला होता, अनारसे आणि चांदी नको, माझ्या आईला तुमच्या इथली कॉट मिळाली होती, तिथं भरा. फळ्यावर लिहिलंय, 'अधिक श्रावण, जावयाचं वाण.'

भाद्रपदाला पितृपक्षामुळं रांग असते. कार्तिक जातो, चैत्र जातो. पौष मात्र कुणी घेत नाही. भाकड महिना, त्यात आईवडिलांचं नाव कशाला घालायचं. दोन वर्षं तो आम्ही नऊ जणांनी वाटून भरला. गेल्या खेपेला जवळच्या तालमीतली फुटबॉलची पोरं आली (आमच्याकडं तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात). त्यांच्यातल्या एकाचा गुडघा गेला होता, तो आमच्या काठ्या घेऊन दोन महिने फिरत होता. मी त्यांना सांगितलं, बाबांनो, पौषच तेवढा राहिलाय, चालेल का?

"पौषाला काय झालंय काकू? आमची मॅच असतीया त्या महिन्यात."

फळ्यावर नाव काय घालायचं यावर त्यांचं तिथंच भांडण लागलं. म्हणून 'पौष' या शब्दापुढं अजून नुसती रेघ आहे. पैसे आलेले आहेत, पावती फाडली आहे.