तंबूची चेन

सेरोनेराच्या कॅम्पवर उतरल्या उतरल्या मी कुंपण शोधलं. नव्हतंच. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात मधोमध गवताचं मैदान, बाभळीखाली पाच-सहा तंबू आणि गज लावलेलं स्वयंपाकघर. म्हणजे आचारी पिंजऱ्यात आणि आम्ही बाहेर!

गाईडने तंबूत डोकावून आधी विचारलं, खाण्याचं काय काय आहे? मी कौतुकाने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दाखवला. तो तडक गाडीत गेला, मागोमाग टूथपेस्ट आणि साबणही. वासावर जनावर येतं म्हणे. (स्वाहिलीत गाडीला 'गारी' म्हणतात, चहाला 'चाय'.) त्या चायनेच घात केला. दमून आल्यावर मी तीन कप ढोसले आणि रात्री पावणेदोनला जाग आली.

संडास पन्नासेक पावलांवर. गाईडने पढवलं होतं: एकटं जायचं नाही. आधी आतूनच कानोसा घ्यायचा. मग चेन वीतभर उघडून बॅटरी चहूकडे सावकाश मारायची. डोळे चमकले, तर चेन बंद करून गुमान पडायचं. बंद तंबूच्या वाटेला जनावर सहसा जात नाही. त्या 'सहसा'ने माझी झोप आधीच उडवली होती.

नवऱ्याला हलवून उठवलं. लांबवर सिंह. सिनेमातल्यासारखी डरकाळी नव्हती ती. दोन-तीनदा मोठ्याने ओरडून पुढे नुसतं धापा टाकल्यासारखं हूं, हूं, हूं. मग तरस, शेवटाला सूर वर चढवत 'वूऽऽप'. आणि मग एकदम जवळ, गवतात खसखस. चेन उघडली, बॅटरी फिरवली. डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, दोन हिरवट ठिपके.

चेन बंद.

"थोडा वेळ धर," नवरा म्हणाला. चाळीस मिनिटं धरलं.

सकाळी तंबूपासून चार पावलांवर धुळीत ठसे होते. बोटांपुढे नखांच्या खुणा स्पष्ट. ताडोबात ऐकलेलं आठवलं, वाघाच्या ठशात नखं उमटत नाहीत. म्हणजे सिंह नव्हे. गाईड वाकून बघत म्हणाला, "फिसी." तरस.

पुढचा मुक्काम न्गोरोन्गोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर, सिंबा कॅम्पला. समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटर, त्यामुळे थंडी कडाक्याची. संध्याकाळी दात घासत होते, तर एक हत्ती निवांत येऊन कॅम्पच्या टाकीतलं पाणी पिऊ लागला. तोंडातला फेस गिळून मी तशीच उभी.

त्या रात्री चहा नको म्हटलं. नवऱ्याने दोन कप घेतले.